सहा जानेवारीचा ठराव

सणाच्या आदल्या संध्याकाळी गुर्गेनने खिडक्यांचे पडदे ओढले, अंगणात जाऊन बाहेरून ते नीट दिसतात की नाही ते पाहिले, आणि आत आल्यावर पुन्हा एकदा ओढले. सदतीस साली त्याच्या वडिलांना, म्हणजे अवाक्यान घराण्यातल्या शेवटच्या पुरोहिताला, गुप्त पोलिसांनी नेले तेव्हा पडदे उघडे होते. त्या नेण्याशी पडद्यांचा काहीही संबंध नव्हता. पण त्यानंतरची पंचवीस वर्षे गुर्गेनने दारूच्या कारखान्यात द्राक्षरसाची चव घेण्यात आणि घरी पडदे ओढण्यात काढली होती, आणि दोन्ही कामांत त्याच्याइतका चोख माणूस समरकंदमध्ये नव्हता.

"पडदा फाटेल आता," न्वार्द म्हणाली. "ये, माशाचे काटे काढायला लाग."

न्वार्द त्याची थोरली बहीण. एके काळी तिने जुन्या आर्मेनियन पोथ्या वाचण्यात डोळे घालवले होते. मग संशोधन संस्थेला पोथ्यांपेक्षा पोथी वाचणारीच अडचणीची वाटू लागली, तेव्हापासून ती भावाच्या घरी राहत होती. टेबलावर झरफ्शान नदीतला मासा होता, किसमिस घातलेला भात होता, लसणीत परतलेला पालक होता. मांस उद्या. एवढा एक नियम या घरात कुठल्याही सरकारला मोडता आला नव्हता, कारण पालक खाणे हा गुन्हा आहे असे अजून कुणाच्या लक्षात आले नव्हते.

गुर्गेनचा मुलगा आर्ताशेस आला तेव्हा सून ताइसिया भात वाढत होती. आर्ताशेस अध्यापक महाविद्यालयात वैज्ञानिक निरीश्वरवाद शिकवी. पुरोहिताच्या नातवाने हे काम पत्करावे यात ज्यांना विसंगती दिसते, त्यांना ते दशक कळलेले नाही. दोन्ही व्यवसायांना खणखणीत आवाज लागतो, आणि तो त्याला आजोबांकडून मिळाला होता.

"पक्षसमितीच्या पानासेन्कोनं बोलावलं होतं," तो दारातूनच म्हणाला.

"कोट काढ आधी," ताइसिया म्हणाली.

"शाबासकी दिली. म्हणाला, निरीश्वरवादाच्या व्याख्यानाला माणसं जमवायची तर सगळीकडे ट्रक पाठवावे लागतात. आणि तुझं सहा जानेवारीचं भाषण, तीन वर्षं बघतोय, लोक भिंतीला टेकून उभे असतात. याचं रहस्य काय, विचारत होता."

"काय सांगितलंस?" न्वार्दने विचारले.

"म्हटलं, भाषा सोपी ठेवतो. आणि मध्ये मध्ये विनोद."

न्वार्दने काटा ताटाच्या कडेला ठेवला. बहिणीचा हा चेहरा गुर्गेनच्या ओळखीचा होता. पोथी उतरवणाऱ्या एखाद्या नकलकाराची चूक सापडली की ती अशीच दिसायची: थंड, समाधानी आणि अतिशय सभ्य.

"ताई, राहू दे," तो म्हणाला.

"का राहू दे? चाळिशी गाठली त्यानं. आर्ताशेस, तुझ्या भाषणाला कोण येतं?"

"सगळेच. कारखान्यातले, रेल्वेतले. म्हाताऱ्या बायका तर पुष्कळ."

"उझबेक म्हाताऱ्या?"

"नाही."

"रशियन?"

"तशा कमीच." त्याचा आवाज किंचित उतरला. "आपल्याकडच्याच असतात. आरुस्याक आजी दर वर्षी पहिल्या रांगेत बसते. मी कुमारी मातेबद्दल बोलायला लागलो की मान डोलावते."

"ती बहिरी आहे रे."

कुणी हसले नाही. ताइसियाने मान खाली घातली, आणि त्यावरून आर्ताशेसला कळले की तिलाही ठाऊक होते.

"तुमच्या समितीचं नियोजन असं," न्वार्द शांतपणे म्हणाली. "रशियन नाताळ सातला. लोकांनी देवळात जाऊ नये म्हणून सहाच्या संध्याकाळी क्लबात व्याख्यान. आर्मेनियन लोकांचा नाताळ सहालाच असतो, हे त्या नियोजनात कुणाला सुचलं नाही. आपण मोजणीत येतच नाही. त्यामुळे उद्याच्या दिवशी या शहरात चारशे आर्मेनियन माणसांना एका छपराखाली, नवे कपडे घालून, शेजारी शेजारी बसायची एकच कायदेशीर जागा उरली. तिथे तू बोलत असतोस. कोट ठेवायच्या खोलीत एकमेकांच्या कानाला लागून लोक सणाच्या शुभेच्छा म्हणून घेतात, मग आत येऊन तुझे विनोद ऐकतात. सणाला थोडा त्रास सोसावाच लागतो."

आर्ताशेस खाली बसला. तीन वर्षे. विनोदावरचे ते हसू, टाळ्या, दारात थांबून त्याचा हात दोन्ही हातांत घेणारे म्हातारे. त्याला वाटले होते की लोकांचे डोळे उघडताहेत म्हणून ते पाणावताहेत.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू तारीख बदलून घेतली असतीस," गुर्गेन म्हणाला.

"घेतली असती."

"म्हणूनच."

"मग आता ऐका," आर्ताशेस म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता आणि रागाखाली धास्ती. "शाबासकीनंतर पुढचं सांगतो. एवढी गर्दी होते, तर तिचा उपयोग करू, म्हणाला पानासेन्को. उद्या भाषण संपलं की मी ठराव मांडायचा. सगळ्यांनी हात वर करून तो संमत करायचा. तो स्वतः येणार, वर्तमानपत्राचा फोटोवाला येणार. 'आम्ही समरकंदचे श्रमिक, पुरोहितशाहीनं लादलेला ख्रिस्तजन्माचा सण नाकारतो.'"

पालकाचे भांडे गुर्गेनच्या हातात तसेच राहिले. "मग कुणी जाऊ नका उद्या."

"तीन वर्षं भिंतीपर्यंत भरलेला क्लब यंदा रिकामा? नेमका उद्याच? बाबा, मग ते पहिल्यांदाच विचार करतील की गर्दी का होत होती."

"आणि गेलो तर सणाच्या दिवशी सगळ्या समाजानं सणाविरुद्ध हात वर करायचा."

"फोटोसकट."

न्वार्दने बोटे पुसली. मग म्हणाली, "ठराव पुन्हा म्हण. शब्दन् शब्द. तारखेसकट."

"'पुरोहितशाहीनं लादलेला, २५ डिसेंबरचा, म्हणजे नव्या पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीचा, ख्रिस्तजन्माचा सण...'"

न्वार्द हसली. ती इतकी क्वचित हसे की गुर्गेनने दचकून पडद्याकडे पाहिले.

"दोन्ही हात वर करू," ती म्हणाली. "अरे, हा ठराव आपण दीड हजार वर्षांपूर्वीच केलाय. त्यांना आत्ता सुचला."

*

पुढचे न्वार्दने जे सांगितले ते तिने आयुष्यभर सांगितले होते. पण त्या संध्याकाळी तिच्या सुरात एक विजयी धार होती, आणि ताइसियाला ती लगेच ऐकू आली.

"सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ताचा जन्मदिवस पाळलाच नाही. माहीत नव्हता आणि गरजही नव्हती. वाढदिवस राजे करत, आणि राजांनी त्याचं काय केलं ते सर्वांना ठाऊक होतं. मग पूर्वेकडच्या मंडळ्यांनी सहा जानेवारी धरली. शुभवर्तमानात आहे की नदीत बाप्तिस्मा झाला तेव्हा तो तिशीला टेकत होता. त्यावरून त्यांनी धरलं की जन्माचा आणि पाण्याचा दिवस एकच. गोठ्यात आला तोही त्याच दिवशी, आणि हा कोण ते जगाला कळलं तेही त्याच दिवशी. एका दिवसात दोन्ही. नुसतं जन्माला येणं पुरत नाही, दिसावंही लागतं, असा त्याचा अर्थ. मग रोमनं पंचवीस डिसेंबर काढली. त्या दिवशी तिथे सूर्याची जत्रा भरायचीच, तयार मांडव मिळाला. पूर्वेकडच्या राजधानीनं ती उचलली, अंत्युखिया शहरानं उचलली. जेरुसलेम ऐकेना, तेव्हा सम्राटानं पत्र लिहून कान उपटले. म्हणजे बघा, गोठा ज्यांच्या शेजारच्या गावात होता त्यांना दरबारातून कळवण्यात आलं की तुमच्याकडे जन्म नक्की कधी झाला. सगळे वाकले. आपण नाही. पाखंडी म्हणाले, अडाणी म्हणाले, डोंगरातले हट्टी म्हणाले. आपण म्हटलं, हो."

"आत्या," आर्ताशेस म्हणाला, "तेवीस साली आपल्याच धर्मगुरूंनी नवं पंचांग घेतलं. जेरुसलेमचे आर्मेनियन अजून जुन्या हिशेबानं एकोणीस जानेवारीला करतात. सम्राटापुढे न हललेली तारीख आपणच तेरा दिवस उचलून ठेवली. तीसुद्धा कुणी कान न उपटता."

"मला सांगतोस? मी तेव्हा आठवडाभर वडिलांशी बोलले नव्हते." तिने हात झटकला. "ते असो. मुद्दा हा की ठरावात सहा जानेवारीचं नाव नाही. उद्या सकाळी मी घरोघर जाऊन सांगते: बेधडक हात वर करा. पानासेन्कोला फोटो मिळेल, आपला सण जागच्या जागी राहील. आणि आर्ताशेस, तू भाषणात हे सगळं सांग. सूर्याची जत्रा, सम्राटाचं पत्र. सगळं खरं आहे आणि सगळं साम्राज्यविरोधी आहे. तुला बक्षीस देतील."

"हे छान आहे," गुर्गेन म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने बहिणीच्या एखाद्या बेताला छान म्हटले नव्हते. "यात कुणाला काही होणार नाही."

आर्ताशेसच्याही चेहऱ्यावर रंग परतला. तिघे पहिल्यांदाच एका बाजूला होते. ताइसियाने वाढण्याचा चमचा भातात उभा रोवला.

"आणि माझी आई?"

कुणाला लगेच कळले नाही.

"तुमचा सण सहाचा, तो राहिला. सातचा माझ्या आईचा. तो तुम्ही उद्या हात वर करून पुसणार. हसत हसत. नव्या कपड्यांत."

ताइसियाची आई येवदोकिया याच घरात वारली होती, गेल्या वसंतात. युद्धात लेनिनग्राडहून बायका-मुले भरून जी गाडी निघाली, तीतून ती लेकीला घेऊन समरकंदला उतरली आणि मग कुठेच गेली नाही.

"ताइसिया, तो नुसता कागदी ठराव आहे," आर्ताशेस म्हणाला.

"मघाशी तुमचा सण होता तेव्हा नव्हता कागदी. बाबांच्या हातातलं भांडं थांबलं होतं."

"हे बघ," न्वार्द म्हणाली, "तुझ्या आईबद्दल मला आदर आहे. पण इतिहास म्हणून विचारशील तर ती तारीख..."

"आत्याबाई, आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. सम्राट कोण, जत्रा कुणाची, तिला काही माहीत नव्हतं. बेचाळीसच्या जानेवारीत आम्ही मालगाडीत होतो. पाव होता तळहाताएवढा. सहाच्या दिवशी तिनं तो खाऊ दिला नाही, कुणालाच. दाराच्या फटीतून आकाश दिसत होतं तिथे मला उभं केलं, तारा दिसला की सांग म्हणाली. दिसला तेव्हा तिनं त्या पावाचे इतके बारीक तुकडे केले की अख्ख्या डब्याला पुरले. लोकांना म्हणाली, आज तो आपल्यासारखाच दुसऱ्याच्या जागेत आलाय. एवढाच अर्थ तिला ठाऊक होता. मला तुमचा दोन्ही दिवसांचा एक सण आवडतो, खरंच आवडतो. पण तिचा दिवस खोटा ठरवून तुमचा खरा होत असेल, तर मग तुम्ही आणि तो पत्र लिहिणारा सारखेच."

"सूनबाई," गुर्गेन हळू आवाजात म्हणाला, "आज पडदे ओढलेत म्हणून बोलतेस. उद्या..."

"उद्या मी येणार आहे, बाबा. व्याख्यात्याची बायको आली नाही तर विचारतील ना. येईन, तुमच्या शेजारी बसेन. हात वर करणार नाही."

"सगळ्यांचा वर आणि एकटीचा खाली?" आर्ताशेस म्हणाला. "पानासेन्को पहिल्याच रांगेत असेल. आणि मांडणारा मी. काय सांगू त्याला, बायकोला खांदेदुखी आहे?"

"तुझे विनोद उद्यासाठी ठेव," ती म्हणाली आणि भांडी उचलू लागली.

न्वार्दने आपला पालक संपवला. तिच्याकडे उत्तर नव्हते असे नाही. पाच होती, संदर्भांसह. त्यांतले एकही मालगाडीच्या डब्यात उभे राहत नव्हते.

*

तरीही सकाळी ती घरोघर गेली आणि ठरल्याप्रमाणे सांगून आली. हट्टाला सवयीचे पाय असतात.

संध्याकाळी क्लब भिंतीपर्यंत भरला. कोट ठेवायच्या खोलीत कुजबुज, हातांवर हात, मग लाकडी खुर्च्यांचा खडखडाट. व्यासपीठावर लाल कापड टाकलेले टेबल, मायक्रोफोन, पाण्याची सुरई. पहिल्या रांगेत पानासेन्को, त्याच्या कचेरीची माणसे, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक तरुण, आणि टोकाला दर वर्षीप्रमाणे आरुस्याक आजी. दुसऱ्या रांगेत न्वार्द, ताइसिया, गुर्गेन.

आर्ताशेसने त्या दिवशी एकही विनोद केला नाही. समोर कोण बसले आहे आणि का, हे ठाऊक असताना तो प्रथमच बोलत होता, आणि न्वार्दला मान्य करावे लागले की त्याला बोलता येते. सूर्याची जत्रा आली, दरबार आला. सम्राटाच्या पत्राशी तो थांबला, पाणी प्याला, आणि म्हणाला:

"त्या पत्रात तारखेची चर्चा आहे. पण प्रश्न तारखेचा नव्हता. लोकांनी कधी आनंद करायचा हे ठरवायचा अधिकार कुणाला, हा प्रश्न होता. सत्तेला लोकांच्या दुःखाची फारशी चिंता नसते. आनंद मात्र विचारून करावा, अशी तिची अपेक्षा असते."

पानासेन्कोने मान डोलावली. सम्राटांविरुद्ध त्याची काही हरकत नव्हती.

न्वार्दने हात मांडीवर ठेवले. हे वाक्य तिने त्याला दिले नव्हते. तिने आयुष्यभर ते पत्र शिकवले, त्याचा काळ, त्याची भाषा, त्याचा उद्दामपणा. आणि आज सकाळी चाळीस दारे वाजवून तिने त्याच पत्राखाली समाजाचे हात गोळा केले होते. फक्त पत्ता शेजारणीचा होता. ज्या अडाणी डोंगरकऱ्यांचा तिला एवढा अभिमान, त्यांनी तारीख राखली म्हणून ते मोठे नव्हते. तारीख तर तेवीस साली गेलीच. वरून आलेल्या हुकमाला त्यांनी नाही म्हटले, एवढेच त्यांचे धन. आणि ते धन ती फोटोसाठी मोडायला निघाली होती.

आर्ताशेसने ठराव वाचला. वाचताना त्याने मान वर केली नाही.

"बाजूने कोण?"

पहिल्या रांगेतल्या कचेरीच्या माणसांचे हात झटकन वर गेले. गुर्गेनचाही गेला, आणि तो इतका सरळ होता की त्याची बाही कोपरापर्यंत उतरली. मागच्या रांगांत हात उचलले जाऊ लागले आणि अर्ध्यावरच थबकले. लोक न्वार्दकडे पाहत होते. सकाळी तीच सांगून गेली होती. आता तिचे हात मांडीवर होते. एकेक करून हात खाली आले.

"ताई," गुर्गेन ओठ न हलवता म्हणाला. "ताई, हात."

"थांब," ती म्हणाली. "अजून विचारायचं राहिलंय त्याचं."

आर्ताशेसला ते ऐकू गेले नसणार. पण सभेचा शिरस्ता त्याला पाठ होता, आणि गेल्या कित्येक वर्षांत ज्या प्रश्नानंतर या शहरात कुणी श्वाससुद्धा सोडला नव्हता, तो त्याने विचारला.

"विरोधात कोण?"

ताइसियाने हात वर केला. ती म्हणाली होती की करणार नाही. या प्रश्नाचा विचार तिने केला नव्हता. तो हात एकटा होता, आणि किती वेळ एकटा होता हे नंतर त्या घरात कुणीच एकसारखे सांगू शकले नाही. मग शेजारी न्वार्दचा वर गेला. मागे वळून तो पाहिल्यावर पहिल्या रांगेच्या टोकाला आरुस्याक आजीचा गेला. मग मागे कुठेतरी खुर्ची करकरली, आणि वारा सुटल्यावर द्राक्षवेलींची पाने उलटी होतात तसे क्लबभर तळवे दिसू लागले.

गुर्गेन समोर बघत होता. त्याचा एक हात नुकताच खाली आला होता. तो त्याने पुन्हा वर केला.

पानासेन्को मागे वळला होता. "कॉम्रेड अवाक्यान, तुम्ही दोनदा मत देताय."

"पहिलं चुकून दिलं," गुर्गेन म्हणाला. हात त्याने खाली घेतला नाही.

कॅमेऱ्याचा दिवा लखकन चमकला. पानासेन्को उठला आणि व्यासपीठावर चढून आर्ताशेसच्या कानाशी वाकला. तो चिडलेला नव्हता. अनुभवी माणूस होता.

"फोटोत हात हे हातच दिसतात," तो म्हणाला. "उद्या छापून येईल, एकमतानं संमत. तू फक्त जाहीर कर आणि खाली सही कर. ही सगळी आपापल्या घरी जातील, कुणाला काही होणार नाही. तुझ्या म्हाताऱ्या बापालासुद्धा."

आर्ताशेसने खाली पाहिले. वडिलांची बाही अजून कोपरापाशी होती. ताइसियाचे डोळे त्याच्यावर नव्हते. ती सरळ समोर, मालगाडीच्या फटीतून बघावे तशी बघत होती. सही केली तर ते सगळे वाचणार होते, आणि त्यांच्यापैकी कुणीच इथे आलेले नव्हते असे होणार होते. आत्याचे एक वाक्य त्याला काल फारसे पटले नव्हते. नुसते जन्माला येणे पुरत नाही, दिसावेही लागते.

"मांडणाऱ्यालाही एक मत असतं," तो मायक्रोफोनमध्ये म्हणाला, आणि त्याने आपला हात वर केला. "बाजूने, पहिल्या रांगेतले पाहुणे. विरोधात, बाकीचे सगळे आणि मी. ठराव फेटाळला गेला आहे."

पानासेन्कोने मायक्रोफोनची तार उपटली. आर्ताशेसने तेच पुन्हा सांगितले, आजोबांकडून आलेल्या त्या आवाजात, आधी रशियनमध्ये आणि मग आर्मेनियनमध्ये.

"सभा संपली," पानासेन्को लोकांकडे वळून म्हणाला. "घरी जा."

हात खाली आले नाहीत.